चार बोटं कापलेला गज

तळ्याच्या पाण्याची आन! माझ्या पितळी टोपीची आन! मित्रांनो, एक अक्षर खोटं निघालं तं मले चुलीत घाला.

मी एक जुना गज आहे. मोजायची शिसवी काठी. एका बादशाच्या सरदारानं मले घडवून घेतलं. बादशा नुसता म्हणे, "इथं बाग पायजे, तिथं मशीद पायजे." उन्हात उभा राहे तो सरदार. बागेतले पाट, हौद, मशिदीचा चौथरा, कमानी, सारं माझ्या मापानं. रोज सकाळी तो मले दगडातल्या खाचेत बसवून पाहे. केसभर झिजलो दिसलो का काम बंद. एकदा बादशा बाग पाहाले निघाला, अन् हौदाची भिंत बोटभर ठेंगणी निघाली. सरदारानं अख्खी पाडली. गवंडी रडले. तो म्हणे, "बादशा थांबंल. पाणी कायले थांबंल?"

तीनशे वर्षांनी त्याच गवंड्यांच्या वंशातला एक म्हातारा मले घेऊन अर्जुनीजवळच्या प्रतापगडच्या उरुसाले आला अन् तापानं पडला. केवळराम नावाच्या शेतकऱ्यानं त्याले आपल्या घरी नेऊन जगवलं. जाताना तो मले देऊन गेला. मंग गावातले मांडव, दारं, धानाच्या बांध्या मीच मोजल्या. केवळरामची सून रुख्मा मले तेल लावे.

छप्पन साली फुटक्या तळ्याची पाळ बांधाची होती. गावचा पंच बकाराम मले मागून घेऊन गेला. त्याच्या नांगराची पाचर ढिली होती, तं मलेच चार बोटं कापलं! अन् त्याच थोट्या काठीनं सहा गज उंच पाळ मोजली. सहा चोक चोवीस बोटं, म्हणजे पुरा एक हात. पाळ एक हात खाली राहिली. मी ओरडून राहिलो, पण लाकडाचं कोण आयकते?

घरी आल्यावर रुख्मानं मले दाराले लावलं. दार बरोबर दोन गजांचं. आठ बोटं उरली. तिनं मनात पाळीचा हिशोब केला. घर पाळीच्या खालीच, अन् तान्ही पोर झोळीत. ती तशीच बकारामकडे धावली.

"मामाजी, पाळ कमी आहे!"

"तुयं दार वाढलं असंल वं," बकाराम हासला.

"दार वाढते का जी? पाणी वाढते!"

वाढलंच. श्रावणात काठोकाठ आलं, अन् एक बारीक धार पाळीवरून तिच्या अंगणाकडे निघाली. पाणी सोडायचा तुडूम गाळात अडकला होता. रुख्मानं माझाच टेकू लावून तो उचलला. माझ्या पोटाले चीर पडली, पण पाणी उतरलं. बकाराम शरमला. उन्हाळ्यात त्यानं पाळ हातभर वाढवली.

मित्रांनो, मापाच्या वस्तूले जपा. तिच्यातलं थोडंसं कापलं, तं ते कुठं जाऊन कमी पडंल, सांगता येत नाई.

बरं, चुलीत घालू नका. एक गोष्ट मी मनची टाकली. बकारामनं पाळ वाढवलीच नाई. अजून तेवढीच आहे, एक हात खाली. रुख्मानं मले दाराशी टांगलं आहे. आभाळ काळं झालं का ती मले हात लावून पाहाते.

आज सकाळपासून तिसऱ्यांदा हात लावून राहिली.