झुंबरबाईची मूठ आणि विमलची वीत

मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी माझे नावसुद्धा ऐकले नसेल, आणि त्यात तुमची काही चूक नाही. मी एक जुने लाकडी चाडे आहे. पेरणीच्या तिफणीला जमीन चिरणारे तीन फण असतात आणि वर मधोमध ओंजळीएवढी एक लाकडी वाटी असते. ती वाटी म्हणजे मी. माझ्या तळाला तीन भोके आहेत. प्रत्येक भोकातून बांबूची एक पोकळ नळी खाली फणापर्यंत जाते. तिफणीमागून चालणारी बाई मुठीतले बी माझ्यात सोडत जाते आणि ते तीन वाटांनी मातीत पोहोचते. एवढेच माझे काम. माझ्यासारख्याने आपले आयुष्य सांगावे का, याचा मी बराच विचार केला. पण एका आजी-नातीमधला गैरसमज माझ्याइतका जवळून कोणी पाहिला नाही, म्हणून धीर करते. नीट सांगता येईल की नाही, ते मात्र ठाऊक नाही.

माझा जन्म १९८१ सालचा, तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यातला. बद्रीनाथ सुताराने बांधावरच्या वाळल्या बाभळीतून मला कोरले आणि तापल्या गजाने तीन भोके पाडली. मग मूठभर ज्वारी माझ्यात ओतून त्याने कान लावला. तिन्ही नळ्यांतून दाण्यांचा आवाज सारखा आला पाहिजे, ही माझी परीक्षा होती. त्याचे समाधान झाले. पण मला न्यायला आलेल्या झुंबरबाईंचे झाले नाही.

"तिसरं जराक दमानं बोलतंय, बद्रीनाथ. त्याला अजून मोठं कर."

"काकू, कान हाय का काय हाय तुमचा?" असे म्हणत त्याने गज पुन्हा तापवला.

पुढे पंधरा वर्षे मी झुंबरबाईंच्या हाताखाली होते. त्यांचा मुलगा पुंजाराम बैल हाकायचा, सून नंदाबाई बी पुरवायची आणि झुंबरबाई मूठ धरायच्या. त्यांच्या मुठीची कीर्ती तीन गावांत होती. दाणा दाट नाही, विरळ नाही. रब्बीची ज्वारी उगवून आली की तासे, म्हणजे पिकाच्या ओळी, दोरी धरल्यासारख्या सरळ दिसत. लोक वाटेवर थांबून म्हणत, "झुंबरबाईची मूठ हाय ही." ते ऐकून मलाही बरे वाटे. खरे तर त्यात माझा वाटा तो कितीसा.

झुंबरबाईंचे काही नियम होते. पेरणीचे बी ओटीतून नाहीतर चाड्यातूनच जायचे, पितळेच्या वा स्टीलच्या भांड्यातून कधी नाही. चाडे जमिनीवर टेकवायचे नाही. पेरणी झाली की मला धुऊन, एरंडेल चोळून त्या स्वतः खुंटीला टांगत. आणि सगळ्यांत मोठा नियम असा, की चाडे सासूने सुनेला द्यायचे, तिची ओटी भरून. तोवर दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही.

विमल ही त्यांची नात. गोष्ट घडली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि तीर्थपुरीच्या शाळेत दहावीला होती. जेवताना पुस्तक वाचायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही आणि विचारले की सरळ तोंडावर सांगायची. झुंबरबाईंना वाटे, पोरीला मोठ्यांची किंमत नाही. एकदा तर ती पट्टी आणि वही घेऊन शेतात आली.

"आज्जी, एका फुटात तुझे किती दाणे पडतात ते मोजू का?"

झुंबरबाईंनी तिच्याकडे नुसते पाहिले. "माझी मूठ मोजायला निघाली. पुंजा, हिला सांग, हितं दुकान न्हाई मांडलेलं."

मी तेव्हा विमलचा चेहरा पाहिला होता. तिला मूठ तपासायची नव्हती. ती मूठ इतकी सारखी कशी पडते, हे तिला वहीत लिहून ठेवायचे होते. पण ती पट्टी दप्तरात ठेवून निघून गेली.

त्याच पेरणीत एक गोष्ट झाली. शेवटचा दिवस होता आणि वाटेकडचा तुकडा राहिला होता. दुपारनंतर मला जाणवू लागले, की माझे तिसरे भोक उपाशी आहे. झुंबरबाईंची मूठ फिरत होती, पण करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट उघडतच नव्हते. पहिल्या दोन नळ्या भरभरून बोलत होत्या आणि तिसरी गप्प होती. मला ओरडून सांगावेसे वाटले. पण लाकडाला कुठला आवाज? मित्रांनो, त्या दिवसाचे मला आजही वाईट वाटते.

पेरणी संपली. झुंबरबाईंनी मला धुतले, एरंडेल चोळले आणि खुंटीला टांगले. दरवर्षीप्रमाणे पदरात मूठभर बी बांधून त्या पिंपळगाव रेणुकाईला देवीच्या दर्शनाला गेल्या. तिथेच त्यांच्या भावाचे घर होते. दोन आठवडे राहून येणार होत्या.

सातव्या दिवशी ज्वारी उगवली. त्या संध्याकाळी विमल शाळेतून आली आणि आईजवळ बसली.

"आई, वाटेकडच्या तुकड्यात सात तासं उगवलीच न्हाईत. शेजारचे कचरूकाका चार मानसांत बाबाला म्हनत व्हते, 'पुंजाभाऊ, औंदा तिफनीची दुफन केली का?' सगळे हासले."

"हासू दे. बी खराब निघालं आसंल," नंदाबाई म्हणाल्या.

"बी खराब आसतं तर सगळीकडंच नसतं उगवलं." विमलने खुंटीकडे पाहिले. मग म्हणाली, "आज्जी येईल तव्हा तिला हे दिसंल."

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिने मला खुंटीवरून काढले. माझ्या भोकांवर आतून चिंधी घातली, माझ्यात ज्वारी भरली आणि खुरपे व पाण्याचा तांब्या घेऊन वाटेकडचा तुकडा गाठला. मोकळ्या तासात गुडघे टेकून ती वीत घाली, खुरप्याने टोचे, दोन दाणे टाकी, वर घोटभर पाणी सोडी आणि माती सारी. मग पुढची वीत. रिकाम्या जागी असे पुन्हा बी लावण्याला नांग्या भरणे म्हणतात. शाळेच्या वेळेपर्यंत एक ओळ भरून होई, कधी दीड. घरात इतके डबे असताना तिने मलाच का नेले, असे तुम्ही विचाराल. पेरणीचे बी भांड्यातून जायचे नाही, हा आजीचा नियम तिला ठाऊक होता. तो तिला मोडायचा नव्हता. मला जमिनीवर टेकवायला नको म्हणून ती मला मांडीवर धरून सरकत होती.

सहाव्या दिवशी सकाळी शेवटची ओळ चालू होती. झुंबरबाई ठरल्यापेक्षा एक दिवस आधी, पहाटेच्या गाडीने परतल्या. तीर्थपुरीहून चालत येताना वाट आमच्या शेतावरूनच जात होती. त्यांनी तासांकडे पाहिलेच नाही. त्यांना दिसली ती मांडीवर चाडे घेऊन बसलेली नात.

"चाडं कुनाला इचारून काढलं?"

विमल उठून उभी राहिली. खरे कारण सांगितले, तर आजीचा हात चुकला हेही सांगावे लागले असते. ती म्हणाली, "कुनाला न्हाई."

"आई बसलीय घरात, तिचा मान हाय. आन् तू खेळायला घेतलंस? आधी मूठ मोजायची व्हती, आता मूठच धरायची का? मी मेल्यावर धर. जल्दी हाय का लई?"

विमलच्या डोळ्यांत पाणी आले. झुंबरबाईंनी मला तिच्या हातातून ओढून घेतले आणि पदराखाली धरून घरी नेले.

त्यानंतर घरात दोघींचे बोलणे बंद झाले. झुंबरबाई नंदाबाईंना सांगत, "तुझ्या लेकीला म्हनावं, भाकर थंडी होऊन राह्यली." आणि विमल समोरच बसलेली असे. पुंजारामला सारे माहीत होते. तो एकदा म्हणालाही, "माय, जरा ऐकून तरी घे." पण विमलने बापाकडे अशी नजर टाकली, की तो बैलांना पाणी पाजायला उठून गेला. रागाच्या भरात न धुताच टांगलेले मी तसेच खुंटीवर होते. दोघीही मला जवळच्या होत्या, आणि दोघींनाही मी काही सांगू शकत नव्हते.

खुरपणीच्या दिवसांत एका दुपारी झुंबरबाई मला धुवायला विहिरीवर घेऊन निघाल्या. नातीच्या हाताचा विटाळच लागला होता जणू. वाटेकडच्या तुकड्याशी आल्या आणि थांबल्या. माणूस अक्षर ओळखतो, तशा त्या तासे ओळखत. सात तासांतली ज्वारी बाकीच्यांपेक्षा आठवड्या-दीड आठवड्याने मागे, ठेंगणी होती. ती सलगही नव्हती. दोन रोपे, मग जागा, पुन्हा दोन रोपे. सगळीकडे अंतर तेच.

"ही माझी मूठ न्हाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

त्या वाकल्या आणि दोन जोड्यांच्या मध्ये आपली वीत घातली. वीत पुरून उरली. पुढे घातली, तिथेही तेवढीच उरली. हा हात त्यांच्या हातापेक्षा लहान होता. मग त्यांनी माझ्याकडे पाहिले. भोकावर अडकून राहिलेली चिंधी त्यांनी बोटाने ओढून काढली. ती विमलच्या जुन्या फ्रॉकची होती. त्या मला मांडीवर घेऊन बांधावर बसल्या आणि सायंकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत.

पाच वाजता विमल वाटेने आली. आजीला पाहून ती मान खाली घालून पुढे जाऊ लागली.

"ए, इकडं ये. हात ठिव हितं."

विमलने दप्तर ठेवले आणि रोपांमध्ये वीत घातली. अंगठा एका जोडीला टेकला, करंगळी दुसऱ्या जोडीला. बराबर.

"तूट कव्हा दिसली?"

"तू रेणुकाईला गेल्तीस तव्हा."

"मंग मला सांगितलं का न्हाई? मी एवढं बोल्ले, तव्हाबी न्हाई."

"काय सांगू? तुझा हात..." विमल थांबली.

"बोल. बधिर झालाय म्हन." झुंबरबाईंनी उजवा हात पुढे केला. "हात थकला की ही दोन बोटं माझी न्हाई ऱ्हात, दोन वर्सं झाली. त्या दिवशी तिसरी नळी बोलंना, ते मला ऐकू येत व्हतं. मनच मानंना. मीबी कुठं कुनाला सांगितलं?"

विमलने ती दोन बोटे हातात घेतली आणि चोळत बसली. मग झुंबरबाईंच्या लक्षात काही आले.

"आन् दोन-दोन दाने कशाला टाकले ग? लई खर्चाची पोरगी हायेस."

"एक न्हाई उगवला तर दुसरा उगवतो. पुस्तकात हाय."

"आन् दोन्हीबी उगवले तर?"

"एक उपटायचा."

"मंग उपट की. उभी काय ऱ्हायली?"

अंधार पडेपर्यंत दोघी विरळणी करत होत्या. मधूनच एकीचे हसू ऐकू येई, मधूनच दुसरीचे. मला दोघींनी दप्तरावर ठेवले होते. जमिनीवर नाही.

पुढच्या वर्षी झुंबरबाईंनी नियमाप्रमाणे आधी सुनेची ओटी भरली. नंदाबाईंनी मला हातात घेऊन कपाळाला लावले आणि म्हणाल्या, "मान मला मिळाला, आता काम हिला द्या. माझ्यानं तर मीठबी सारखं पडत न्हाई." मग विमल मूठ धरून चालू लागली आणि झुंबरबाई शेजारून, कान देऊन. "तिसरं उपाशी हाय... आता पहिलं लई खातंय... हां, आता तिघंबी सारखं बोलायले." संध्याकाळी त्या स्वतःहून म्हणाल्या, "आन ती पट्टी. मोज आता, किती दाने पडले ते." फुटात किती पडले, ते विमलने लिहून घेतले. झुंबरबाईंनी तो आकडा दोनदा विचारला आणि भुईकडे पाहत हसल्या.

दोन हजार सालानंतर गावात ट्रॅक्टरचे पेरणी यंत्र आले आणि मी ओसरीवर खुंटीलाच राहिले. कुंभारमाशीने माझ्या तिसऱ्या भोकात मातीचे घर केले. मला वाटले, आपले संपले. पण विमल आता जालन्याच्या एमआयडीसीत बियाण्यांच्या कारखान्यात आहे. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडून किती उगवले ते मोजणे, हे तिचे काम. दर रब्बीला ती दोन दिवसांची रजा काढून येते. मला खाली घेते, कडुनिंबाच्या काडीने भोके साफ करते, फुंकर घालते आणि एरंडेल चोळते. मग सारे शेत यंत्र पेरते, पण वाटेकडची तीन तासे तिफणीने होतात. झुंबरबाई बांधावर बसून ऐकतात. त्यांना आता दिसते कमी, पण ऐकू येते.

मित्रांनो, उपदेश करण्याचा अधिकार मला आहे का, मी सांगू शकत नाही. पण घरातल्या एखाद्या म्हाताऱ्या हाताकडून काही चुकले, तर ते झाकायला तुम्ही धावता, हे मी पाहिले आहे. फक्त जमले तर एक शब्द सांगतही जा. आणि मोठ्यांच्या कानावर माझे म्हणणे गेलेच, तर त्यांनी रागावण्याआधी एकदा वाकून तास पाहावे. माझ्यासारखी जुनी वस्तू तुमच्या घरी असेल, तर वर्षातून एकदा तिची धूळ झटका. ती काही बोलणार नाही, पण तिने पुष्कळ पाहिलेले असते.

परवाच पेरणी झाली. पहिल्या तासाला विमलने मूठ सोडली आणि बांधावरून आवाज आला, "तिसरं बराबर बोलतंय ग."

माझ्या आयुष्यात एवढे कौतुक पुरेसे आहे.