औंधच्या जोडीतला मागे राहिलेला तंबोरा

मी तंबोरा बोलतोय. तंबोरे खरं तर जोडीनं बोलतात. तेव्हा माझं बोलणं आज थोडं अपुरं वाटलं, तर तुमच्या कानांना दोष देऊ नका. माझा जोडीदार जर्मनीत आहे. मी सातारा जिल्ह्यातल्या औंधला, सुभेदार हंबीररावांच्या घरी भिंतीला टेकून उभा आहे. माझ्या शेजारची जागा रिकामी आहे आणि तिथं दुसरं काही ठेवायचं नाही, असा सुभेदारांचा हुकूम आहे.

आमचा जन्म भीमेकाठचा. तिथल्या एका मळ्यात दोन कडू भोपळे एकाच दिवशी वेलावरून उतरले आणि कित्येक महिने वाळत पडले. कडू भोपळा खायच्या कामाचा नसतो, म्हणून तो गाण्याच्या कामी येतो. मिरजेचे कारागीर चांदसाहेब यांनी ढिगातले चाळीस भोपळे बोटांनी वाजवून पाहिले आणि दोनच उचलले. "हे सख्खे आहेत," एवढंच म्हणाले.

मग मिरजेच्या त्या अरुंद दुकानात आम्ही भिजलो, कापले गेलो, आम्हाला लाकडाच्या दांड्या जोडल्या गेल्या, खुंट्या बसल्या, चार-चार तारा चढल्या. तरीही आम्हाला आवाज नव्हता. तारा ज्या हाडाच्या पट्टीवरून जातात, तिला घोडी म्हणतात. ती घोडी कानशीनं घासून तिला केसाएवढा उतार द्यावा लागतो. तो उतार साधला, की तार नुसती वाजत नाही, बराच वेळ गुणगुणत राहते. हीच जवारी. ती लागेपर्यंत आम्ही फक्त सुंदर दिसणारे भोपळे होतो.

त्या दिवशी चांदसाहेबांनी कानस उचलली आणि खाली ठेवली. पुन्हा उचलली. त्यांचा हात थरथरत होता. दुकानाच्या मागच्या पडद्याआड त्यांची पंधरा वर्षांची नात झोया शाळेचा अभ्यास करत बसली होती. त्यांनी आम्हाला आत नेलं आणि कानस तिच्यापुढं धरली. लहानपणापासून ती त्यांच्या मांडीशी बसून हेच तर बघत आली होती.

तिनं दोन्ही घोड्या घासल्या, तार छेडली, कान लावला, पुन्हा घासलं. संध्याकाळी माझा जोडीदार पहिल्यांदा बोलला आणि त्याच्याबरोबर, कुणी हात लावला नसताना, मीही गुणगुणलो. झोया घाबरून मागं सरकली. मग खुदकन हसली.

आमच्या पोटात मात्र चिठ्ठी चिकटवली गेली ती नेहमीचीच, 'चांदसाहेब, तंतुवाद्य कारागीर, मिरज'. तिथली रीतच तशी. नाव दुकानाचं लागतं, हाताचं लागत नाही.

सुभेदार हंबीररावांनी आम्हाला घेतलं तेव्हा ते फौजेतून नुकतेच निवृत्त झाले होते. गवसण्या घालून आम्हाला एसटीत दोन खिडक्यांशी बसवलं, तेव्हा कंडक्टर म्हणाला, "ह्यांची तिकिटं?"

"दोगंबी मुकी हायती. गावात गेल्यावर बोलतील, तवा घ्या पैसे," सुभेदार म्हणाले.

आणि आम्ही बोललो. यमाईच्या देवळात, लग्नघरी, सुभेदारांच्या ओसरीवर. वर्षातून एकदा ते आम्हाला जवारीसाठी मिरजेला नेत. चांदसाहेब आम्हाला पडद्याआड नेऊन ठेवत आणि स्वतः बाहेर येऊन सुभेदारांशी गप्पा मारत बसत. आत झोयाचा हात आमच्यावरून फिरे. दरवर्षी तो हात थोडा मोठा झालेला असे, थोडा अधिक जाणता. सासरहून माहेरी यावं तसं आम्हाला वाटायचं.

आठ वर्षं असं चाललं. मग एका वर्षी पडद्याआड कुणीच नव्हतं. झोया वाद्यं दुरुस्त करण्याचं शिक्षण घ्यायला जर्मनीला गेली होती.

तिच्याशिवाय दोन वर्षं गेली. आमच्या जवाऱ्या झिजल्या. गेल्या पावसाळ्यानंतर सुभेदारांनी आम्हाला चांदसाहेबांच्या दुकानात आणून ठेवलं आणि म्हणाले, "जमंल तवा करा. घाई न्हाई." म्हणून पुढचं सगळं मी या कानांनी ऐकलं.

झोयाचं शिक्षण संपलं होतं. कितीतरी सतारी आणि तंबोरे त्या देशात लोकांच्या घरांत मुके पडून होते. ते दुरुस्त करायचे, कुणाच्या नोकरीत न राहता, स्वतःच्या नावानं, असं तिनं ठरवलं होतं. पण त्यासाठी तिथला परवाना हवा. कार्यालयानं सगळे कागद घेतले, पण एका कागदासाठी अडवलं. आधी हे काम केल्याचा पुरावा आणा, म्हणाले. जिथं काम केलं तिथलं पत्र आणा. महिनाअखेरीस तिची राहण्याची मुदत संपत होती. पत्र मिळालं नाही, तर सामान बांधायचं.

चांदसाहेबांनी पत्र लगेच पाठवलं. छापील कागदावर, दुसऱ्याकडून सुंदर अक्षरात लिहून घेऊन. त्यात दुकानाच्या चार पिढ्यांचा इतिहास होता. शेवटी लिहिलं होतं, 'माझी नात झोया सुशील व सुस्वभावी असून घरकामात हुशार आहे. वडीलधाऱ्यांचा मान राखते.' आयुष्यात त्यांनी मुलींसाठी जी पत्रं लिहिली होती, ती सगळी स्थळांना लिहिलेली होती. दुसऱ्या तऱ्हेचं पत्र त्यांना ठाऊकच नव्हतं.

आठवड्यानं झोयाचा फोन आला. तिची आजी मेहरुनबी यांनी तो मोठ्या आवाजावर लावून माझ्याजवळच्या फळीवर ठेवला.

"दादाजी, त्यांनी ते भाषांतर करून घेतलं. मग मला विचारलं, घरकाम हाच तुमचा व्यवसाय का?"

मेहरुनबी हसल्या. चांदसाहेब हसले नाहीत. "मी काय खोटं लिहिलं?"

"खोटं नाही लिहिलंत. पण जे खरं आहे ते राहिलंच." मग हळूच म्हणाली, "जवारी कोण लावत होतं, तेवढं लिहा ना."

चांदसाहेबांनी हात पुढं करून फोन बंद केला. फोन ठेवल्यावर मेहरुनबी म्हणाल्या, "लिहून टाका की. हात तिचा आणि नाव तुमचं, असं किती दिवस चालायचं?"

"पन्नास वर्षं गवय्यांनी ह्या हातावर भरवसा ठेवला. त्यांना आता सांगू, की हात कधीच गेलाय? मी तुमच्यासमोर बसून खोटं बोलत होतो?"

"एवढंच आहे का?"

चांदसाहेबांनी माझ्या तारांवरची धूळ पुसली. "पत्र गेलं की पोरगी तिकडचीच झाली. न गेलं तर महिन्याभरात इथं येईल. पडद्याआड बसेल. ही वाद्यं वाट बघतायत तिची."

मी खोटं बोलणार नाही. मलाही तेच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला मांडीवर घेतलं आणि कानस उचलली. बहुधा त्यांना स्वतःलाच काही सिद्ध करायचं होतं. कानस घसरली. माझ्या घोडीवर एक खोल चरा उमटला आणि माझा आवाज घोगरा झाला, पत्र्याच्या डब्यात वाळू हलावी तसा. त्यांनी मला हळूच भिंतीला टेकवलं आणि डोळ्यांवरचा चष्मा उगाचच पुसत बसले.

मुदतीला नऊ दिवस उरले असताना सुभेदार आले. त्यांनी मला छेडलं, तोंड वाकडं केलं आणि खाली बसले.

"कुनी लावली ही?"

"मीच," चांदसाहेब म्हणाले.

"वाटलंच."

चांदसाहेबांनी मान वर केली. "म्हणजे?"

"आवं चांदसाहेब, तुमी माझ्यासमोर बशीत च्या वतत बसायचा आनि आत कानस चालायची. तुमचा हात काय एवढा लांब हाय व्हय?"

चांदसाहेबांचा चेहरा उतरला. "तुम्हाला माहीत होतं?"

"मलाच न्हवं, समद्यांस्नी. कराडचं बुवा, फलटणचं मास्तर, समदी म्हनायची, पोरीच्या हाताला लय गोडी हाय. पर तुमाला तोंडावर कोन बोलनार? तुमी सांगंना, म्हनून आमी इचारंना."

आत मेहरुनबींच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं. चांदसाहेब खाली बघत होते. जे झाकायला त्यांनी इतकी वर्षं पडदा लावला होता, ते सातारा-सांगलीतल्या प्रत्येक गवय्यानं ऐकलं होतं, आणि त्यांचा मान म्हणून पोटात ठेवलं होतं.

मग त्यांनी कागद मागितला. अक्षर या वेळी वेडंवाकडं आलं, कारण हात लपवायचं त्यांनी सोडून दिलं होतं. लिहिलं ते एवढंच: 'आठ वर्षं या दुकानातून गेलेल्या प्रत्येक वाद्याची जवारी झोयानं लावली. माझा हात चालत नव्हता. तिची जवारी माझ्याहून चांगली आहे.'

खाली सुभेदारांनी गिऱ्हाईक म्हणून आपली सही केली, हुद्द्यासकट. आणि म्हणाले, "कागदाला आवाज न्हाई. तिथं दुकान मांडायचं तर तिच्या हातचा एक नमुना नगं? ह्या जोडीतला एक धाडा."

"जोडी फोडायची नसते, सुभेदार."

"फौजेत फुटत्यात की जोड्या. एक सरहद्दीवं, एक गावात. तेला कुनी मोडली म्हनत न्हाई. आनि मी दान देत न्हाई, उसना देतोय. उसना आनलेला माल आपल्या हातानं परत करायचा असतोय. दुसऱ्या कुनाकडनं मी घेनार न्हाई, सांगा तिला."

चांदसाहेबांनी त्यांच्याकडं पाहिलं. फौजेतला हा माणूस आपल्या नातीच्या परतीची वाट बांधून ठेवत होता, हे त्यांना कळलं.

कोण जाणार, हे ठरवायला वेळ लागला नाही. माझ्या जोडीदाराच्या घोडीवर झोयाचा हात थोडा झिजला, तरी अजून शाबूत होता. माझ्यावर चरा होता. त्याला कापसात, भुशात, लाकडी पेटीत निजवलं. झाकण बसण्याआधी मेहरुनबींनी त्याची एक तार सहज छेडली आणि मी, घोगरा का होईना, पण गुणगुणलो. आमचा निरोप तेवढाच झाला.

फोटो काढून पाठवलेलं पत्र मुदतीत पोहोचलं, पेटी मागाहून गेली. परवाना मिळाला, तीन वर्षांचा. झोयानं फोनवर तो वाचून दाखवला. तिचं नाव, आणि त्यापुढं 'स्वतंत्र तंतुवाद्य कारागीर'. चांदसाहेबांनी तिला ती ओळ दोनदा वाचायला लावली. दुसऱ्या दिवशी दुकानातला पडदा काढून त्यांनी मेहरुनबींना दिला. त्याची आता पायपुसणी झाली आहेत.

मला सुभेदारांनी औंधला परत आणलं. दुसऱ्या कारागिराकडं न्यायचं नाही, म्हणाले. माझा चरा तिनंच काढायचा. त्यांची बायको शालूबाई रोज मला पुसतात. परवा पुसता पुसता म्हणाल्या, "ऱ्हा बाबा आता माझ्यागत. आमचं ह्ये बी सतरा वर्सं फौजेतच हुतं. रजा मंजूर व्हतीया कवातरी."

तुमच्याही घरात असा एखादा पडदा असेल. त्याच्याआड कुणाचा तरी हात चालत असेल आणि नाव दुसऱ्याचं लागत असेल. तो पडदा काढा, एवढंच मागणं आहे. हात दूर जाईल, ही भीती खरी आहे. आमचा गेलाच. पण आता तो स्वतःच्या नावानं चालतो आहे, आणि हे मी, ज्याचं त्यात सगळ्यात जास्त गेलं, तो सांगतो आहे.

काल संध्याकाळी झोयानं सुभेदारांना फोन केला. तिच्या दुकानात पहिली सतार दुरुस्तीला आली होती. "थांबा, ऐकवते," म्हणून तिनं माझ्या जोडीदाराला छेडलं. सुभेदारांनी फोन माझ्या भोपळ्याजवळ धरला. पहिली तार आली, पंचमाची. मधल्या दोन्ही तारा आल्या, आणि माझ्या त्या दोन तारा किंचित थरथरल्या, निदान मला तसं वाटलं. चौथी तार खर्जाची, सगळ्यात खालच्या सुराची. तिची मी वाट बघत राहिलो. ती आली नाही. एवढ्याशा फोनमधून खर्ज येत नसतो.

त्याला स्वतःच यावं लागतं. मी जागा धरून ठेवली आहे.