झाकणाच्या आतलं नाव

मी एक जुनी लिहायची पेटी आहे. अक्रोडाच्या लाकडाची, तिरक्या झाकणाची आणि, खोटं कशाला बोलू, एके काळी भलतीच देखणी!

मित्रांनो, माझे मालक इलायस हार्वेल पावणेदोनशे वर्षांपूर्वी मिशिगनमध्ये वकील होते. घोड्यावरून ते गावोगावच्या कोर्टांत जात. मी खोगिराला बांधलेली असे. त्यांचे सगळे अर्ज माझ्या पाठीवर लिहिले जात. लोक म्हणत, हार्वेलसाहेबांचा अर्ज वाचताना न्यायाधीशांनाही चष्मा पुसावा लागतो. मी केवढी मिरवायचे!

मग साहेब निवडणुकीला उभे राहिले. त्याच दिवसांत हॅना नावाची एक बाई आली. ती लोकांचे कपडे धुवायची. तिचा नवरा एका व्यापाऱ्याकडच्या चोरीसाठी तुरुंगात होता. चोरी त्याने केलीच नव्हती, आणि आता तो आजारी होता. साहेबांनी राज्यपालांना माफीचा अर्ज लिहिला आणि माझ्या कप्प्यात ठेवला. तो व्यापारी साहेबांच्या प्रचारात पुढे होता ना! निवडणूक झाली की अर्ज देतो, असं त्यांनी हॅनाला सांगितलं. ती दर शनिवारी यायची आणि दारातूनच परत जायची.

साहेब जिंकले. बँड वाजला. त्याच आठवड्यात तिचा नवरा तुरुंगात वारला. अर्ज माझ्या पोटातच होता.

त्या दिवशी साहेबांनी माझ्या झाकणाच्या आत हॅनाचं पूर्ण नाव लिहिलं. पुढे वीस वर्षं ते निवडून येत राहिले, पण झाकण उघडलं की दर वेळी थोडे थांबायचे. बोलले मात्र कुणापाशीच नाहीत. तिचं नाव जगात तेवढ्या एकाच जागी उरलं.

नंतर मी तळघरांत धूळ खात पडले. मागच्या वर्षी मिशिगनमधल्याच नोव्हाय गावात एका घरातलं जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथून नैना नावाच्या एका मराठी मुलीच्या बाबांनी मला आणलं. नैनाने झाकणात ‘हॅना’ वाचलं. आडनाव फार पुसट होतं. लायब्ररीतल्या बाई म्हणाल्या, घेऊन ये, खास दिव्याखाली वाचता येईल. नैना म्हणाली, शनिवारी येते. मग व्हायोलिनचा प्रोग्रॅम आला. मग पुढचा शनिवार.

मग खंडेनवमी आली. पूजेला बाबांचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, नैनाचं व्हायोलिन आणि मी. नैनाच्या आईने, शोभाकाकूंनी, मला साबण लावून आतून-बाहेरून घासलं. झाकणात ओल्या कुंकवाचं स्वस्तिक काढलं, वर झेंडूचं फूल ठेवलं. इतक्या वर्षांत इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता.

नैना शाळेतून आली. झाकणाकडे बघतच राहिली.

“मम्मा, इथे एक नाव होतं.”

“अगं, मला वाटलं डाग आहे. कुणाचं नाव?”

“हॅना. पण कोण हॅना, तेच तर आता कळणार नाही.”

काकूंनी हातातलं निरांजन खाली ठेवलं.

मित्रांनो, आमची पूजा जरूर करा. पण त्याआधी आम्हाला एकदा उघडून वाचा. आणि शनिवारची वाट बघू नका. हॅनाने पाहिली होती.