बुंध्याचे धुमारे

वहिनी दादाला माकड म्हणायची, आणि त्यात काही खोटं नव्हतं. धाकटी बहीण प्रयोगशाळेत डोळे फोडायची, आणि तिच्यासाठी घनदाट जंगलातल्या उंच झाडांवर चढून पानं काढायचा तो दादा. या वेळचं झाड दुर्मिळ, एकाच दरीत उरलेलं. पानांतल्या जनुकीय खुणा तपासून ती झाडं एकमेकांपासून किती वेगळी आहेत ते बघायचं होतं. या जातीला बी धरायला जोडीला वेगळं झाड लागतं. सगळी एकसारखी निघाली, तर झाड गेलंच म्हणायचं!

आणि नेमकं तसंच निघालं. दादाने एकेका झाडाचं म्हणून आणून दिलेल्या सगळ्या पाकिटांतल्या पानांचे जनुकीय पट्टे पडद्यावर हुबेहूब सारखे. तिने पुन्हा करून पाहिलं, तेच. अहवाल लिहायला हात चालेना. उरलेली पानं आवरताना मात्र ती थबकली. शेंड्याची पानं उन्हाने जाड, लहान असतात. ही तर मऊ, पसरट. बुंध्याशी फुटणाऱ्या धुमाऱ्यांची!

ती तणतणत दादाच्या घरी गेली.

"खरं सांग, झाडांवर चढलास का?"

"चढलो म्हटलं ना."

"माझ्याकडे बघून सांग."

दादाने मान खाली घातली. "वर बघितलं की गरगरतं गं हल्ली. एकाच झाडाचे धुमारे ओरबाडले. म्हटलं, पान ते पान. तुला सांगितलं असतं, तर दुसऱ्या कुणाला पाठवलं असतंस."

चांगलं तोंडसुख घ्यायचं ठरवून आली होती ती. पण एवढा थोरला माणूस असा उभा बघून तिचा राग विरला.

"वेडा आहेस का रे? डॉक्टरला दाखवलंस?"

"नाही."

"चल, चप्पल घाल आधी."

औषधं सुरू झाली, आणि या वेळी दोघं मिळून दरीत गेली. आता बहीण गलोलीने दोरी फांदीवर टाकायची. नेम असा दिव्य, की निम्म्या वेळा दोरी दादाच्याच डोक्यावर! तो मान खाली घालून हसत हसत दोरी ओढून शेंड्याची पानं पाडायचा. झाडागणिक पाकीट तिने स्वतः भरलं.

पट्टे उमटल्याबरोबर तिने फोन लावला. "दादा, एकही झाड दुसऱ्यासारखं नाही! जगेल रे आपलं झाड!"

तिकडे नाक ओढल्याचा आवाज आला. "माझ्यापायी तू ते संपलं म्हणून लिहिणार होतीस."

"होते."

"मग पुढच्या वेळी कुणाला नेणार?"

"तुलाच. मला जंगलात एकटीला भीती वाटते, दादा. पहिल्यापासून. तुला कधी बोलले नाही, इतकंच."