नाव घेण्याचा डाव

कडूबाई सुईण बाहेर आली, पदराला हात पुसले आणि गोरक्षला म्हणाली, "पोर आडवं हाय. आता माज्या हातचं न्हाई ऱ्हायलं. दवाखाना गाठ. अन् बैलगाडीनं नको, लई उशीर हुईल. जीप बघ."

जीप गावात एकच होती, भाऊसाहेबांची. भाऊसाहेब सोसायटीचे चेअरमन. आदल्याच दिवशी ते तिसऱ्यांदा बिनविरोध निवडून आले होते, म्हणजे विरोधात उभं राहणाऱ्याची त्यांनी वेळेत समजूत काढली होती. त्या आनंदात भर दुपारी मळ्यातल्या चिंचेखाली बैठक बसली होती. दारूचा सरकारी परवाना एकट्या भाऊसाहेबांकडे होता, प्रकृतीच्या कारणासाठी. सोसायटीचे सेक्रेटरी उत्तमराव आणि जीपचा ड्रायव्हर मच्छिंद्र त्यांच्या प्रकृतीला हातभार लावत होते.

गोरक्ष धापा टाकत पोचला आणि चपला काढून उभा राहिला.

"जीप पायजे हुती, भाऊसाहेब. दवाखान्यात जायाचंय."

"कोन आजारी हाय?"

गोरक्षने खाली बघितलं. चार पुरुषांत बायकोच्या बाळंतपणाचं कसं बोलायचं? "घरातूनच," तो म्हणाला.

"जाऊ की मग. जीप काय पळून चालली व्हय? बस. डाव रंगात आलाय."

या डावाला पत्ते लागत नसत की सोंगट्या. पाळीपाळीने प्रत्येकाने बायकोचं नाव उखाण्यात घ्यायचं. अडखळला की पेला रिकामा करायचा. एकदा झालेला उखाणा पुन्हा चालत नसे. हळदीकुंकवाला बायका जे लाजत करतात, तेच ही मंडळी पिऊन करत आणि फार मोठा विनोद केल्यासारखी हसत.

गोरक्ष बसला. चेअरमनांनी बस म्हटल्यावर उभं राहायचं, असं त्या गावात अजून कुणी केलं नव्हतं.

भाऊसाहेबांनी नवी फेरी सुरू केली, "पाटाला आलं पानी, उसाला आला तुरा, भामाबाईचं नाव घेतो, ऐका मंडळी जरा."

"वा," उत्तमराव म्हणाले आणि लगोलग आपला सोडला, "सोसायटीच्या मीटिंगला चहासंगं खारी, सुमनबाईचं नाव घेतो, माज्यावर ती भारी."

मग मच्छिंद्र. मच्छिंद्रचं लग्न व्हायचं होतं. घ्यायला नावच नाही, म्हणून नियमाप्रमाणे तो दर फेरीला पीत होता. नियमाला भाऊसाहेब पक्के होते. सोसायटीतसुद्धा ते नियमाबाहेर कुणाला काही देत नसत. मात्र नियम तेच करत.

"हां गोरक्ष, घे नाव. नाव घेतलंस की जीप तुजी."

गोरक्षने लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मनकर्णाला नावाने हाक मारलेली नव्हती. 'आगं' म्हटलं की ती येई, आणि न म्हणतासुद्धा येई. त्याने तोंड उघडलं. तोंडात काहीच आलं नाही.

"अडला," उत्तमराव म्हणाले. "पी."

"म्या घेत न्हाई, सायब."

"घेत न्हाई म्हंजे? चेअरमनच्या इजयाचं घेत न्हाईस? विरोधात हुतास काय रं?"

गोरक्ष प्यायला. घशातून निखारा उतरत गेला. घरी ती ओरडत असेल की आता ओरडायचीही थांबली असेल, एवढंच डोक्यात होतं. दुसरी फेरी झाली. तो पुन्हा अडला, पुन्हा प्यायला. मच्छिंद्र त्याच्या बरोबरीने पीत होता. उठून जावं तर जीप गेली, बसावं तर वेळ गेली. तिसऱ्या फेरीला मात्र त्याला एक कळलं. जे नुसतं बोलायला लाज वाटते, ते उखाण्यात बोलता येतं. तो सरसावून बसला आणि मातीकडे बघत म्हणाला,

"कोल्हारच्या पुढं लागतो परवरेचा घाट, मनकर्णा अडलीया, जीपची बघतीया वाट."

उत्तमरावांनी मांडीवर थाप मारली. "ह्याला म्हनत्यात उखाना. पुन्यांदा म्हन."

गोरक्षने पुन्हा म्हटला.

"म्हंजे, खरंच अडलीया?" भाऊसाहेबांनी विचारलं.

"सकाळधरनं."

"आरं, मग आधी सांगायचं न्हाई का?" भाऊसाहेब खरोखर नाराज झाले. "मच्छिंद्र, ऊठ. जीप काढ."

मच्छिंद्र उठला. दोन बोटांनी धोतर सावरावं तशी त्याने पँट सावरली, स्टिअरिंगवर बसला, जीप चालू केली आणि वीस पावलांवरच्या पाटाच्या चारीत घातली. पुढची दोन्ही चाकं चिखलात, मागची दोन हवेत. मच्छिंद्र स्टिअरिंगवर डोकं ठेवून झोपला. दुसऱ्या कुणाला गाडी येत नव्हती. भाऊसाहेबांनी मोठ्या मनाने आपली बैलगाडी जुंपायला सांगितली.

मनकर्णाला आणि कडूबाईला घेऊन बैलगाडी दवाखान्यात पोचली तेव्हा दिवस मावळत होता. मनकर्णा प्रवरेच्या पुलाच्या अलीकडेच गप्प झाली होती. कडूबाईने तिच्या अंगावर लुगडं नीट ओढून घेतलं होतं आणि त्यानंतर ती गोरक्षकडे बघत नव्हती.

डॉक्टरांनी पाच मिनिटांत तपासलं. आई गेली, पोर आधीच गेलं होतं. "दोन तास आधी आणली असती तर बाई वाचली असती," ते म्हणाले. मग ते गोरक्षच्या जवळ आले, थांबले आणि त्यांनी नाक आक्रसलं.

"पिऊन आलास?"

"व्हय."

"परवाना आहे?"

"न्हाई."

डॉक्टरांनी पुढे काही विचारलं नाही. टेबलाशी बसून त्यांनी कागदावर लिहिलं आणि सहीसाठी पुढे सरकवला. गोरक्ष सातवीपर्यंत शिकला होता. कंदिलाजवळ धरून त्याने वाचलं: नवरा दारूच्या बैठकीत असल्याने रुग्णास आणण्यास विलंब झाला.

त्याने ते दोनदा वाचलं. त्यात खोटं असं काहीच नव्हतं. त्याने सही केली.