बंगला मोकळा झाला

"म्हातारा जेवलो म्हनला तरी त्याच्यावर जाऊ नको पोरी. डबा उचलून बघ," असं सुलाबाईंनी हर्षालीला महिन्यापूर्वीच बजावलं होतं. हर्षालीने ते या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं.

तेव्हा ते सोडून देण्यासारखंच वाटलं होतं. वणीहून देवीचं दर्शन घेऊन तिघं नाशिकला परत निघाली होती: ती, नवरा योगेश आणि चार वर्षांची वेदिका. वाटेत दिंडोरीच्या आसपास कालव्याला लागून इंग्रजांच्या काळातल्या एका साहेबाचा जुना बंगला लागतो. सरकारी खात्याने त्याचं छोटंसं संग्रहालय केलंय. फाटकासमोर सुलाबाईंची चहाची टपरी, पाटीवर त्यांचंच नाव. हर्षालीचा एक डोळा रस्त्यावरच्या ट्रककडे, दुसरा वेदिकाच्या चिकट हातांकडे आणि हातात मोबाईल. त्यात ही अनोळखी बाई कुठल्या म्हाताऱ्याचं, कुठल्या डब्याचं सांगत होती! चहाबरोबर भजी खपवायची प्रस्तावना असेल, असं हर्षालीने मनात म्हटलं आणि "हो हो मावशी" म्हणून मोकळी झाली.

खरं म्हणजे कशाकडे दुर्लक्ष करणं तिच्या स्वभावातच नव्हतं. बायोटेकमध्ये बीएस्सी केलेली हर्षाली औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं दुकानात उभी राहून वाचायची. बागेतल्या घसरगुंडीचे नट आधी स्वतः हलवून बघायची. योगेश तिला घरातला सीसीटीव्ही म्हणायचा. "आमच्याकडे रेकॉर्डिंग चोवीस तास," असं तो पाहुण्यांना सांगायचा. पण कॅमेरा आपल्या पोरीवर रोखलेला असला की बाजूचं कुणी चौकटीत येतच नाही.

त्या पहिल्या फेरीत वेदिका बंगल्याच्या स्वयंपाकघरात खिळली. चुलीमागच्या भिंतीवर निळ्या पक्ष्यांच्या फरश्या होत्या. बंगला दाखवणारे सहादूबाबा काठीचं टोक एकेका फरशीवर ठेवत सुरात सांगायचे, "साहेबानं ह्या स्पेन देशातून मागवल्या. बोटीनं मुंबईला, आगगाडीनं नाशिकरोडला, अन् तिथून बैलगाडीत हितं. चोवीस निघाल्या, तेवीस पोचल्या!" चोविसाव्या जागी साधा शहाबादीचा तुकडा बसवलेला. न आलेला पक्षी कुठे गेला, या प्रश्नाने वेदिकाने महिनाभर घर डोक्यावर घेतलं. शेवटी बुधवारी योगेश सकाळच्या पाळीला ओझरच्या कारखान्यात गेल्यावर हर्षालीने स्वतः गाडी काढली. हायवेवर ती एकटी पहिल्यांदाच चालवत होती. पोचल्यावर तिने हँडब्रेक दोनदा ओढला, आरशात स्वतःकडे बघितलं आणि म्हणाली, "जमतंय की!"

ओसरीवर टेबल, टेबलावर वही, वहीला दोरीने बांधलेलं पेन. नाव, गाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ, अभिप्राय. समोर दिसेल ते वाचायचंच, या सवयीने तिने वरच्या ओळी वाचल्या. एका शाळेची सहल नऊ दहाला आली होती, अकरा पाचला गेली. मालेगावचं एक कुटुंब अकराला आलं, बारा वीसला गेलं. त्याखाली तिने स्वतःची वेळ टाकली, बारा पंचवीस.

सहादूबाबा शेजारी उभे होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, खाकी सदऱ्याची वरपर्यंत लावलेली बटणं. नोकरीतून निवृत्त होऊन वर्षं झाली होती, पण मागच्या खोलीत राहत होते आणि बंगला तेच दाखवत होते.

"जेवलात का बाबा?" हर्षालीने विचारलं. दुपारी साडेबाराला माणूस भेटला की हे विचारायचंच.

"जेवलो की ताई. चला."

आपल्याकडे या प्रश्नाला दुसरं उत्तरच नसतं. तिनेही पुढे काही विचारलं नाही.

मच्छरदाणीची खाट झाली, जस्ताचा न्हाणीचा टब झाला, जमीन मोजायची लोखंडी साखळी झाली. साखळीचं सांगून झाल्यावर बाबांनी परत खाटेचं सुरू केलं. हर्षालीला जरा खटकलं. म्हातारपण, तिने स्वतःची समजूत काढली. मग स्वयंपाकघर आलं. वेदिका फरश्यांसमोर हात मागे बांधून उभी राहिली, गाणं सुरू व्हायची वाट बघितल्यासारखी.

"साहेबानं ह्या... स्पेन देशातून... बैलगाडीनं मुंबईला..." बाबा थांबले. काठीचं टोक फरशीवरून घसरलं. "सोळा निघाल्या."

"चोवीस आजोबा!" वेदिका खिदळली. "तुम्ही विसरले!"

"गप ए!" बाबा खेकसले.

वेदिकाचं तोंड लगेच वाकडं झालं. हर्षालीने तिला झटकन मागे ओढलं. पहिला विचार आला तो कुठल्याही आईला आला असता: हा माणूस प्यायलाय. तिने नाकाने अंदाज घेतला. खोबरेल तेलाचा वास, कापराचा वास. बाकी काही नाही. किल्ल्या पर्समध्ये आहेत, दार डाव्या हाताला आहे, गाडी सावलीत आहे. मनात सगळा हिशेब तयार झाला. निघायचं.

पण निघता निघता तिने म्हाताऱ्याकडे नीट बघितलं. दोन हात जाड भिंतींच्या त्या थंडगार खोलीत त्याच्या वरच्या ओठावर घाम साचला होता. काठी धरलेला हात थरथरत होता. हा हात तिच्या ओळखीचा होता. चुलत बहिणीच्या लग्नात पंगत लांबली, तेव्हा शुगरची गोळी घेऊन बसलेल्या तिच्या पपांचा हात अस्साच थरथरत होता. ते सुद्धा असेच खेकसले होते, आणि दहा मिनिटांत खुर्चीवरून कलंडले होते.

सुलाबाईंचं वाक्य जसंच्या तसं कानात वाजलं.

"बाबा, इथे पायरीवर बसा. बसा आधी," ती म्हणाली. मागचं दार उघडंच होतं आणि दोन पावलांवर बाबांच्या खोलीचा ओटा. वेदिकाचं बोट न सोडता तिने ओट्यावरचा डबा उचलला. चांगला जड. फडक्याची गाठ सकाळी बांधली तशीच. शेजारी गोळ्यांची पट्टी. तिने नाव वाचलं. पपांचीच गोळी होती.

डबा घेऊनच ती परतली. वेदिकाच्या बॅगेत कायम असणारं ग्लुकोजचं पाकीट तिने फोडलं आणि पाण्याच्या बाटलीच्या झाकणात कालवलं. "बाबा, हे प्या. तुमची साखर खाली आलीये."

बाबांनी मान हलवली. "पाव्हनं घरात हायेत."

"कोण पाहुणे? मीच ना? मीच सांगतेय, प्या."

"पाव्हनं आत असताना नाय. बंगला मोकळा होऊ द्या." जीभ जड झाली होती, पण हेका पक्का होता. तिने झाकण ओठांशी नेलं तर त्यांनी तोंड फिरवलं. वेदिका आता रडायच्या बेतात होती. ॲम्ब्युलन्स बोलवायची तरी ती यायला वेळ लागणार, आणि तो वेळ हाताशी नव्हता.

बंगला मोकळा. हे शब्द तिने ऐकले होते. मागच्या फेरीला योगेशने वहीत गेल्याची वेळ लिहिल्याबरोबर बाबांनी टोपी सारखी केली होती, "बंगला मोकळा झाला," असं जरा मोठ्यानेच म्हटलं होतं आणि ते लगबगीने मागे गेले होते. तेव्हा तिला ती गंमत वाटली होती. आता वहीतल्या ओळी डोळ्यांपुढे आल्या. शाळा अकरा पाचला गेली, पण मालेगावकर अकरालाच आले होते. ते गेले आणि पाच मिनिटांत आपण. सकाळपासून बंगला घास खाण्याइतका मोकळा झालाच नव्हता.

म्हाताऱ्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. त्याच्या नियमाने गेलं तर एका मिनिटाचं काम होतं.

तिने बाबांच्या काखेत हात घालून त्यांना ओसरीपर्यंत चालवत आणलं, उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकवून बसवलं आणि पेन उचललं. "हे बघा बाबा, गेल्याची वेळ. बारा पंचावन्न. सही."

"वही दावा."

तिने वही त्यांच्या नाकासमोर धरली. त्यांनी डोळे बारीक करून बघितलं, मग तिच्या पायांकडे बघितलं. "पाय आतच हाय तुमचा."

हर्षालीने एक पाय बाहेर टाकला.

"दोन्ही."

"माझे दोन्ही बाहेर आहेत आजोबा!" वेदिका पायरीवरून ओरडली. हर्षालीनेही दुसरा पाय उचलला, आणि उंबऱ्यावरून वाकून, हात लांब करून झाकण आत धरलं.

"बंगला मोकळा झाला," बाबा पुटपुटले आणि घटाघट प्याले.

तिने दुसरं झाकण दिलं, तिसरं दिलं. घड्याळ बघत बसली. पपांच्या वेळी डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं तिला पाठ होतं: आधी साखर, पंधरा मिनिटं थांबा, मग पोटभर जेवण, आणि त्यानंतरही माणसाला एकटं सोडू नका, कारण गोळीचा अंमल लवकर उतरत नाही. मधेच तिने फाटकाकडे तोंड करून हाक मारली, "सुलामावशी! अहो, लवकर या!"

सुलाबाई पदराला हात पुसत धावत आल्या. बाबांना बघितलं, गाठ न सुटलेल्या डब्याकडे बघितलं आणि आधी हर्षालीवरच घसरल्या. "सांगितलं व्हतं ना! तवा मोबाईलात तोंड घालून बसली व्हतीस."

"चुकलं मावशी," हर्षाली म्हणाली. "आज उचलून बघितला पण."

"बघितला, बरं केलं." मग त्यांनी तोफ बाबांकडे वळवली. "अन् तुमी वो! सकाळी सातला उठून मी भाकऱ्या थापते ते काय कावळ्यांसाठी?"

"लोक व्हते," बाबा म्हणाले. आवाजात जीव आला होता. गाठ त्यांनी स्वतः सोडली. "माझा बाप मल्हारी हितं खानसामा व्हता. साहेबाचं ताट उठल्याबिगर त्यानं कदी घास घेतला नाय. घरात पाव्हनं अन् मी जेवत बसू?"

"साहेब कधीच गेला की बाबा," हर्षाली म्हणाली.

"साहेब गेला. बंगला हाय ना."

दुपारी तासभर फाटकाला पाटी लावा, असं तिने सुचवून बघितलं. वणीहून देवी करून आलेली माणसं उन्हात दारात उभी ठेवू का, असं म्हणून बाबांनी ते उडवून लावलं. सुलाबाईंनी कपाळाला हात लावला. मात्र उद्याच बाबांना दिंडोरीला डॉक्टरकडे नेऊन गोळीचं विचारून येईन, असा शब्द त्यांनी दिला, आणि हर्षालीने त्यांचा नंबर घेऊन तिथल्या तिथे मिस्ड कॉल देऊन खात्री केली.

बाबा दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी शेवटच्या फोडीपर्यंत जेवले. तोवर तिघी पायरीवर बसल्या. दोन मोटारसायकली येऊन थांबल्या, तर सुलाबाईंनी त्यांना टपरीकडे पिटाळलं, "आधी चहा घ्या, मग साहेब भेटंल!" जेवण झाल्यावरही हर्षाली तासभर हलली नाही. दर थोड्या वेळाने बाबांना काही ना काही विचारून बघायची: आज वार कोणता, पलीकडचं गाव कुठलं. शेवटी बाबाच वैतागले. "ताई, माझी परीक्षा घेता व्हय?" मग त्यांनी वेदिकाला हाताने जवळ बोलावलं. "आजोबा वरडला ना तुला? ये. सांग, किती निघाल्या?"

"चोवीस!"

"अन् पोचल्या?"

"तेवीस!" वेदिकाने थोडा विचार केला. "आजोबा, मग तो एक पक्षी?"

"त्यो वाटंत जेवायला थांबला," सुलाबाई म्हणाल्या. "त्याला अक्कल व्हती."

बाबा टोपी मागे सरकवून हसले. घाम पुसला गेला होता, हात स्थिर होता. हर्षालीने तो मुद्दाम हातात घेऊन बघितला.

निघताना तिने वही पुन्हा पुढे ओढली. तिच्या ओळीत अभिप्रायाची जागा कोरीच होती. वरती लोकांनी 'छान', 'सुंदर', 'ऐतिहासिक वारसा' असं लिहून ठेवलं होतं. ती चौकट तिला पुरणारी नव्हती. तिने सरळ पान उलटलं आणि कोऱ्या पानावर, येणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत भरेल अशा ठळक अक्षरांत लिहिलं:

'हे वाचणाऱ्यांना विनंती. बंगला सुंदर आहे, तो कुठे जात नाही. तुम्ही आत जाण्याआधी घराला वळसा घालून मागच्या ओट्यावर जा. तिथे फडक्यात बांधलेला डबा असेल. सहादूबाबांना काही विचारू नका, ते जेवलो म्हणतील. डबा उचलून बघा. हलका लागला तर खुशाल बंगला बघा, आणि निळे पक्षी मोजल्याशिवाय जाऊ नका. जड लागला, तर या वहीत आधी गेल्याची वेळ लिहा, ती बाबांना दाखवा, दोन्ही पाय उंबऱ्याबाहेर घ्या, आणि त्यांचं जेवण होईपर्यंत पायरीवर बसा. मला एकदा हे सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. तुम्ही ऐका. आत्ता, पेन उचलण्याआधी, मागे जाऊन बघून या.'