चार टक्के आणि अकरा वाटेकरी

गोजराकाकी वाचली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला टेन्शन नको. आता हे मी सांगितलंच नाही आणि तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. कारण वीज कार्यालयाच्या नोंदीप्रमाणे मे महिन्यातल्या त्या मंगळवारी आणि बुधवारी सारसोळ्यात काहीच झालं नाही. जिथं काही झालंच नाही, तिथं कोण कशातनं वाचणार?

तर, जे झालं नाही ते असं. मंगळवारी दुपारी दोनला गावदेवीच्या देवळामागचा डीपी फाटकन बोलला आणि आखं गावठाण गप्प झालं. खाडीवरनं वाऱ्याची झुळूक नाही, कडेचा चिखल तडकून त्याच्या खपल्या निघालेल्या, वलांडीवर वाळत घातलेल्या बोंबलांनासुद्धा घाम फुटलेला. समोरच्या टॉवरचे एसी मात्र आमच्या रस्त्यावर पाणी गाळत होते. आमच्या नशिबाला तेवढाच गारवा.

पंखे बंद झाले त्याचं कुणाला काही नाही. पण हिरामणकाकाच्या घरातला 'घुर्र-फूस' आवाज थांबला. ती काकीची ऑक्सिजनची मशीन. चाळीस वर्षं चुलीचा धूर खाऊन काकीची छाती फाटक्या जाळ्यासारखी झालेली. मशीन बंद पडली की अर्ध्या तासात ओठ निळे.

"कुंदन!" काका ओरडला. "मशीन मेली रं!"

कुंदन काकाचा पोरगा. रबाळ्याला कंपनीत इन्व्हर्टर दुरुस्त करतो. त्यानं छोटा सिलिंडर लावला. तो तासभराचा. मी इस्पितळात फोन लावला. खाट उद्या संध्याकाळी सहाला मोकळी होईल म्हणाले. माहेरी न्यावं तर काकीचं माहेर तीन घरं सोडून, त्याच डीपीवर. ॲपवर तक्रार केली, तर वीस मिनिटांत मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे.' आम्ही पंख्याकडे बघितलं. पंख्याला तो मेसेज आला नव्हता.

"बाबा, टेम्पो," कुंदन म्हणाला.

काकाचा बॅटरीवरचा टेम्पो दारातच होता. त्यातनं तो म्हावरं बाजारात न्यायचा, आणि बर्फाच्या पेटीसाठी कुंदननं त्याच्या बॅटरीवर इन्व्हर्टर टाकून घरासारखं सॉकेट काढून दिलेलं. काकाला टेम्पोचं भारी कौतुक. भेटेल त्याला सांगायचा, "पामबीचच्या पुलावरनं उतरताना एक टक्का परत देतो. सख्खा भाव पन देत नाय."

सिलिंडर संपता संपता वायर खिडकीतनं आत घेतली. घुर्र-फूस. काकीनं डोळे उघडले.

"त्र्याऐंशी टक्के," कुंदन म्हणाला. "मशीन एकटी चालली तं उद्या संध्याकाळपर्यंत खेचल. एकटी हां, बाबा."

तेवढ्यात सुमित्राबाई दारात. हातात एक्स्टेंशन बोर्ड.

"हिरामनदादा, उद्या माझ्या तेजश्रीची हळद हाय. एक पंखा लावते फकस्त. पावनं उकडून मेलं तं हळद कुनाला लावू?"

"सुमित्रे, आत गोजरा—"

"मना म्हाईत हाय. पन मी दोरीला हात लावला व्हता."

झालं. आमच्यात नाव किनाऱ्याला ओढताना जो दोरीला हात लावतो, त्याला म्हावऱ्याचा वाटा द्यायचा असतो. मग तो रस्त्यानं जाणारा पाहुणा का असेना. त्यात सोमवारीच काकाचा टेम्पो जेट्टीच्या चिखलात रुतला होता आणि अकरा जणांनी नावेची दोरी बांधून तो बाहेर ओढला होता. टेम्पो वर आला तेव्हा काका खुशीत सगळ्यांसमोर बोलून गेला, "नाव काय नि टेम्पो काय! यात जे हाय त्यात तुमचा वाटा!"

टेम्पोत तेव्हा रिकामी टोपली होती. कुणी काही नेलं नाही. वाटा बाकी राहिला.

काकानं आत बघितलं. काकीनं नाकाची नळी जरा बाजूला केली.

"दे," ती म्हणाली. "दोरीवाल्याला रिकाम्या हाती लावून देशील, तं मी ही हवा घेनार नाय."

"गोजरे, तुझा जीव—"

"तुझ्या बापानं कंदी वाटा बुडवला का?"

काकाच्या बापानं बुडवला नव्हता. त्यामुळं टेम्पोला पंखा लागला. मग धर्मराज आला, तोही दोरीवाला, हळदीची कोळंबी त्याच्या फ्रीजरमध्ये होती म्हणून. मग हळदीत गाणी वाजवणारा गोटीराम आला.

"स्पीकर लावतो," तो म्हणाला. "फकस्त टेस्टिंग."

"जल्ला तुझा स्पीकर! माझी आई मरतेय आत!" कुंदन म्हणाला.

"अरे तं हलू आवाजात करतो ना."

संध्याकाळपर्यंत काकीची वायर सोडून टेम्पोच्या पोटातनं आणखी अकरा वायरी निघाल्या. दहा त्यांच्या, अकरावी माझी. खोटं कशाला बोलू, मीही दोरी ओढली होती. मला मोबाईल चार्ज करायचा होता.

कुंदन समोरच्या सोसायटीत गेला. त्यांच्या पार्किंगमध्ये गाड्यांची चार्जिंग आहे. सेक्रेटरी भला माणूस. त्यानं सगळं ऐकलं, त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं हा विषय येत्या रविवारच्या मीटिंगमध्ये घेतो म्हणून सांगितलं. स्टेशनजवळच्या चार्जिंगचा प्लग मोटारींचा, टेम्पोला बसला नाही. सिलिंडर भरून देणाऱ्याकडे परवापर्यंतची रांग.

बुधवारी सकाळी चौतीस टक्के. वायरमन आला, डीपीकडे बघून मान हलवून गेला. दुपारी बाराला नऊ.

कुंदन टेम्पोच्या सीटवर बसून मोठ्यानं आकडा वाचायला लागला. "नऊ... आठ..." अंगणात गोटीरामचा स्पीकर 'चेक, चेक' करत होता, तो मधेच थांबला. सुमित्राबाईनं आपला बोर्ड उपटला. धर्मराजनं फ्रीजरची वायर काढली आणि तसाच उभा राहिला, हातात वायर धरून, जशी मेलेली पाण्यातली सापीण. मी माझा मोबाईल काढला. शंभर टक्के झाला होता. लाज वाटली, पण तो उलटा टेम्पोत भरता येत नव्हता.

दीड वाजता चार टक्के.

काका दारात बसला. "मी इकडचा वाटा तिकडं दिला," एवढंच म्हणत राहिला. "माझ्याच हातानं दिला."

आतनं काकीचा हात हलला. कुंदन वाकला.

"पूल," ती म्हणाली. मग दम घेतला. "उतरताना... एक टक्का."

"इथं कुठला पूल, आये?"

"दोरी," काकी म्हणाली.

कुंदन ताडकन उठला. "चाकं बाहेरनं फिरवली तं मोटरच डायनामो होते! चावी चालू ठेवून ओढायचा! दोरी आना!"

काकीला मशीनसकट टेम्पोत, बर्फाच्या पेटीवर गादी घालून बसवलं. परवाचीच दोरी बांधली. परवाचेच अकरा जण. तेजश्री मेंदी लावलेल्या हातांनी पुढं आली, तशी सुमित्राबाई ओरडली, "नवरीनं दोरी धरू नये गो!"

"आये, मी परवा धरली व्हती. पंखा रातभर मीच खाल्ला."

जेट्टीपासून देवळापर्यंत, देवळापासून जेट्टीपर्यंत. टेम्पो असा जड लागायचा, जसं कुणी मागनं ब्रेक दाबून बसलंय. काका स्टेअरिंगवर, आणि गोटीराम 'हैश्शा' ओरडतोय, पहिल्यांदाच स्पीकरशिवाय. टॉवरच्या गॅलऱ्यांतनं लोक व्हिडिओ काढत होते. धर्मराजच्या तळहाताची साल निघून दोरीला लागली.

"किती?" सगळे विचारायचे.

"चार," कुंदन सांगायचा.

"आता?"

"चारच."

तीन तास चार. चाराचे पाच झाले नाहीत, पण तीनही झाले नाहीत. घुर्र-फूस, घुर्र-फूस. चार वाजून चाळीस मिनिटांनी घराघरातले पंखे एकदम फिरले. सुमित्राबाई दोरी हातात धरूनच रडायला लागली. काकीनं डोळे मिटले. आमचा जीव गेला. मग ती म्हणाली, "हलदीला उशीर झाला ना रं?"

टेम्पो तेव्हापासून चारवरच अडकलाय. किती चार्ज करा, चार. कंपनीचा माणूस म्हणाला, दोरीनं ओढलेली गाडी वॉरंटीत बसत नाही. काका परत डोक्यावर टोपली घेऊन बाजारात जातो. तक्रार करायला वीज कार्यालयात गेलो, तर त्यांनी स्क्रीन फिरवून दाखवली. मंगळवार, बुधवार, पुरवठा सुरळीत. म्हणून आम्ही अर्ज टाकलाय. पोच मिळाली नाही.

'प्रति, मा. अभियंता साहेब. विषय, सुरळीत पुरवठ्याबाबत. महोदय, वरील दोन दिवशी सारसोळे गावठाणात वीज गेली नव्हती, हे आम्हास मान्य आहे. सदर न गेलेल्या विजेच्या काळात सौ. गोजरा हिरामण यांचा श्वास खाली सही करणाऱ्या अकरा जणांनी दोरीने ओढून चालू ठेवला. तरी सदर अकरा जणांस वीजनिर्मिती केंद्र म्हणून मान्यता द्यावी, आणि पुढच्या वेळी वीज जाणार नसेल तेव्हा तसे एक दिवस आधी लेखी कळवावे, म्हणजे आम्ही दोरी बाहेर काढून ठेवू, ही नम्र विनंती.'